प्रभुभोजनाच्या मेजावर सगळे एक. मग घरच्या पंगतीचे काय?

मुळाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना सलाम. ख्रिस्ती विश्वास माणसाच्या मनातला भेदभाव खरोखर घालवू शकतो का, आणि घालवत असेल तर कोणत्या वाटेने, यावर येथे गांभीर्याने चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. देवापुढे सर्व समान आहेत हे आपल्या मंडळ्यांत दर रविवारी या ना त्या रूपाने सांगितले जाते आणि त्याला कोणाचाही विरोध नसतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. उपासना आटोपून घरी गेल्यावर आपण कोणाच्या घरी जेवतो, कोणाला जेवायला बोलावतो आणि कोणाच्या घरी मुलगी देतो, तेथे आपली परीक्षा होते, असे माझे मत आहे, आणि ते मी शास्त्राच्या आधारे मांडू इच्छितो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दहावा अध्याय बहुतेकांना ठाऊक असेल. येशूचा शिष्य पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला होता. मेलेल्या जनावरांशी रोज संबंध येणारा हा धंदा यहुदी समाजात हलका मानला जात असे, तरीही पेत्र तेथे बरेच दिवस राहिला. म्हणजे एक भेद त्याने अगोदरच ओलांडला होता. असे असूनही भर दुपारी, पोटात भूक असताना, घराच्या धाब्यावर त्याला जो दृष्टान्त झाला त्यात समोर आलेले प्राणी मारून खाण्यास त्याने नकार दिला, आणि देवाने शुद्ध केलेले तू निषिद्ध मानू नकोस असे त्याला बजावून सांगावे लागले. पुढे कैसरियात करनेल्य या रोमी शताधिपतीच्या घरात शिरताना त्याने उघड सांगितले की परक्याच्या घरी जाणे यहुद्याला मना आहे, परंतु कोणत्याही मनुष्याला अशुद्ध म्हणू नये हे देवाने मला दाखवले आहे. एका समाजाविषयीचा ग्रह गेला म्हणजे सगळ्यांविषयीचा गेला असे होत नाही, हे पेत्राच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

अकराव्या अध्यायाच्या आरंभी जे घडते त्याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष जात नाही. पेत्र यरुशलेमास परतल्यावर विश्वासणाऱ्या यहुद्यांनी त्याच्यावर जो ठपका ठेवला, तो परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, सुवार्ता सांगितल्याचा नव्हता, त्यांच्या घरी जाऊन त्यांच्याबरोबर जेवल्याचा होता. याहून दुःखाची गोष्ट अशी की, हाच पेत्र पुढे अंत्युखियात परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत असताना यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली, तेव्हा त्यांच्या भीतीने तो उठून वेगळा झाला. त्याचे पाहून पौलाचा सहकारी बर्णबाही ओढला गेला, आणि प्रेषित पौलाला सर्वांसमक्ष पेत्राची कानउघाडणी करावी लागली. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे. यहुदी आणि हेल्लेणी, दास आणि स्वतंत्र असा भेद ख्रिस्तात उरत नाही हे आपण सतत उद्धृत करतो ते वचन याच पत्रात, पुढच्याच अध्यायात येते. त्या थोर वचनाच्या पाठीमागे एका पंगतीतले भांडण आहे, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्या मातीतले उदाहरण. नारायण वामन टिळक यांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे दुरावलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी त्यांच्याकडे परत आल्या, पण त्यांचे पाणी आणि स्वयंपाक वेगळा राहिला. ज्या घरात वडिलांच्या सोवळ्याओवळ्याने कळस गाठला होता त्या घरात त्या वाढल्या होत्या, त्यामुळे ख्रिस्ती माणसांत राहूनही त्यांच्या हातचे पाणी पिणे त्यांना जमत नव्हते. पुढे एकदा विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले की जात देवाने निर्माण केली असती तर पशुपक्ष्यांतल्यासारखा फरक माणसामाणसांत दिसला असता. तो दिसत नाही, त्या अर्थी ती माणसाने केलेली आहे. त्यानंतर कोणाच्याही हातचे खायचे त्यांनी ठरवले आणि ते पाळले. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला, म्हणजे जात त्याआधीच सुटली होती. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो उलटा झाला आहे: बाप्तिस्मा होऊन तीन-चार पिढ्या लोटल्या, तरी जात तशीच बसून आहे.

आमच्या नगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती घराणी पूर्वीच्या महार आणि मांग समाजांतून आलेली आहेत. एका बाकावर बसून ती गीते गातात, एकाच भाकरीचा तुकडा घेतात. सोयरिकीचा विषय निघाला की मात्र आवाज खाली करून विचारले जाते, “तुमचे मूळ गाव कोणते? पूर्वीचे कोण?” आडनाव कळले तरी समाधान होत नाही, मामाचे आडनाव विचारले जाते. माझ्या नात्यातल्या दोन सुशिक्षित, विश्वासू मुलांचा विवाह केवळ या प्रश्नाच्या उत्तरामुळे मोडला. दोन्ही घरचे वडीलधारे मंडळीतले मानकरी होते.

आपापल्या भागातला अनुभव आणि त्यावर विश्वासाच्या आधारे काय करता आले, हे कृपया लिहावे.

पानवेल_वसई

धागा अत्यंत आवश्यक आहे. वसईत आम्ही कॅथलिक आहोत आणि आमचा इतिहास वेगळा आहे, कारण येथील ख्रिस्तीकरण पोर्तुगीज काळातले. तरीही सामवेदी, वाडवळ, कोळी असे समाज आपापल्या बोलीसह, पेहरावासह आणि लग्नाच्या रितींसह टिकून राहिले. बोली आणि रीती टिकल्या याचा मला अभिमान आहे, आणि तसा तो असण्यात काही गैर आहे असे मला वाटत नाही. भेद कोठे बोचतो ते सांगते. माझ्या आजीच्या काळी एका समाजातली मुलगी दुसऱ्या ख्रिस्ती समाजात गेली तर “बाहेर गेली” असे म्हणत. त्या दोन्ही घरांची माणसे त्याच देवळात, त्याच वेदीसमोर गुडघे टेकत होती. आज अशी लग्ने सर्रास होतात. त्यामागे शिक्षण आहे, रेल्वे आहे, नोकऱ्या आहेत. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ख्रिस्तयाग (मिस्सा) लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागला आणि आमच्या धर्मग्रामांत सर्वांची प्रार्थनेची भाषा एक झाली, याचाही त्यात वाटा आहे, असे माझे निरीक्षण आहे.

जुनी_पाने

इतिहासाच्या बाजूने थोडी भर घालतो. प्रभुभोजनाच्या वेळी जातीनुसार वेगळे बसवण्याची आणि प्याला आधी वरच्या जातीला देण्याची प्रथा दक्षिणेतल्या काही जुन्या मंडळ्यांत दीर्घकाळ चालली. 1833 साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी पत्र काढून जातिभेद मंडळीतून तत्काळ आणि कायमचा काढून टाकण्याचा आदेश दिला. परिणाम असा झाला की तंजावर भागातील वेल्लाळ या वरच्या मानल्या जाणाऱ्या जातीतले पुष्कळ ख्रिस्ती मंडळी सोडून गेले. आदेश बरोबर होता, यात मला तिळमात्र शंका नाही. पण आदेशाने माणसे एका बाकावर येतात. एकमेकांच्या घरी जाणे त्यानंतरही बाकीच राहते, आणि ते काम कोणत्याही बिशपाच्या पत्राने होत नाही.

करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्यायही या संदर्भात पाहावा. तेथे प्रभुभोजनाच्या नावाखाली सधन लोक आधीच जेवून तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौल त्यांना सांगतो की जेवायला एकत्र जमता तेव्हा एकमेकांची वाट पाहा. एवढ्या मोठ्या धर्मतत्त्वाचा उपाय इतका साधा आहे.

नलिनी_दे

मी ख्रिस्ती नाही. माझे कुटुंब बौद्ध आहे आणि मी या धाग्यावर आदरपूर्वक, पण स्पष्टपणे लिहीत आहे.

लक्ष्मीबाईंची गोष्ट आपण सांगितली ती सुंदर आहे. मात्र अशा गोष्टी नेहमी वरून खाली येणाऱ्याच्या बाजूने का सांगितल्या जातात? एका ब्राह्मण स्त्रीने दुसऱ्यांच्या हातचे पाणी प्यायले, हा तिच्या मोठेपणाचा प्रसंग झाला. ज्या बाईने ते पाणी भरून दिले, जिच्या हातचे पाणी त्याआधी कित्येक वर्षे नाकारले जात होते, तिच्या मनात काय होते? तिने हा अपमान कसा सोसला आणि तरीही तांब्या पुढे कसा केला? प्रेम तर तिनेही केले होते, आणि तिचे प्रेम अधिक महाग होते. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे लोक गेले ते कोणाच्या दयेचे पाणी मागायला गेले नव्हते. त्यामुळे “आम्ही वेगळ्या माणसांवर प्रेम करायला शिकलो” हे वाक्य ऐकले की, ही वेगळी माणसे कोणापासून वेगळी आणि हे ठरवले कोणी, असा प्रश्न मला पडतो.

दुसरी गोष्ट. आमच्या आजोळच्या गावात ख्रिस्ती आळी आणि बौद्ध वस्ती यांच्यामध्ये एक रस्ता आहे. दोन्हीकडची माणसे एकाच मुळाची, काहींची तर भावकी एक. तरीही ख्रिस्ती घरांतून आमच्या लग्नाला जेवायला कोणी येत नसे, कारण आम्ही “अजून अंधारात” होतो. जातीचा भेद टाकून धर्माचा भेद उचलला, तर माणसाच्या हाती काय पडले?

मुळाकाठ (धागाकर्ता)

नलिनीताई, आपण लिहिले हे फार बरे झाले. आपला पहिला प्रश्न मला योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायाकडे नेतो. येशू प्रवासाने थकून दुपारच्या वेळी याकोबाच्या विहिरीवर बसला आहे आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीला तो म्हणतो, “मला प्यायला पाणी दे.” यहुदी शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत, म्हणून तिला आश्चर्य वाटते. पुढे ती म्हणते की विहीर खोल आहे आणि तुमच्याजवळ पाणी काढायला काही नाही. याचा सरळ अर्थ असा की, ते पाणी प्यायचे तर तिच्याच भांड्यातून प्यावे लागले असते. तारणारा येथे आधी घेणारा आहे. त्याने तिला काही देण्याच्या आधी तिच्याकडे मागितले, तिच्या भांड्याला तोंड लावायची तयारी दाखवली, आणि हेच भेदभावावरचे खरे औषध आहे असे मी मानतो.

आपण ख्रिस्ती लोक देण्यात तरबेज झालो आहोत. शाळा दिल्या, दवाखाने दिले, नाताळला केक आणि करंज्या वाटतो. देणाऱ्याचा हात वरच राहतो, त्यामुळे देताना मनातला भेद तसाच ठेवता येतो. घेताना तो ठेवता येत नाही. ज्याच्याविषयी ग्रह आहे त्याच्या घरचे पाणी, त्याच्या ताटातले अन्न, त्याचा सल्ला, त्याचे नेतृत्व स्वीकारण्याची वेळ आली की मनात काय दडले आहे ते बाहेर येते. प्रभूने सत्तर शिष्यांना पाठवताना दिलेली आज्ञाही हीच होती, की ज्या घरात जाल तेथे पुढे वाढतील ते खा. लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात ही आज्ञा दोनदा येते, आणि लुटारूंनी जखमी केलेल्या वाटसरूला उचलून नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा दाखलाही त्याच अध्यायात आहे.

त्या दाखल्यातही, जखमी माणूस यहुदी असावा असे धरले तर, त्याला शोमरोन्याच्या हातची मदत घ्यावी लागते. आपण सगळे स्वतःला शोमरोन्याच्या जागी ठेवून उपदेश ऐकतो. जखमीच्या जागी स्वतःला ठेवून, मला उचलणारा हात कोणाचा चालणार नाही असा विचार केला तर उत्तर अवघड जाते.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितो. आमच्याकडे बामण, चारडो, सुदिर हे भेद ख्रिस्ती समाजात उघडपणे नावानिशी बोलले जातात. काही गावांत फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) मान आणि कोन्फ्रारियांतला (चर्चच्या धार्मिक मंडळांतला) प्रवेश जातीनुसार ठरत आला आणि मिरवणुकीतल्या अंगरख्यांच्या रंगावरून माणूस कोणत्या गटाचा ते कळत असे. तरुण धर्मगुरूंनी याविरुद्ध बोलायला सुरुवात केली तेव्हा त्यांना “परंपरा मोडू नका” असे सांगण्यात आले. 2016 साली भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि मंडळीत अस्पृश्यता व भेदभाव आहे हे त्यात मान्य केले. 2022 साली हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. हे स्वागतार्ह आहे, पण फेस्ताच्या समितीत काय चालते यावर माझे समाधान अवलंबून राहील.

विवेक_स

सर्वांचे वाचले. एक वेगळे मत मांडतो. सोयरीक पाहताना माणसे आपल्या राहणीची, बोलीची, स्वयंपाकाची, नातेवाइकांच्या ओळखीची घरे शोधतात. मुलगी सुखात राहावी एवढाच त्यामागे हेतू असतो. प्रत्येक वेळी त्याला जात म्हणणे अन्यायाचे होईल.

मुळाकाठ (धागाकर्ता)

विवेकजी, हेतू चांगला असतो हे मान्य आहे. पण आपल्या म्हणण्याची पडताळणी सोपी आहे. पुण्यात वाढलेला, मराठी बोलणारा, त्याच मंडळीतला, तेच पदार्थ खाणारा मुलगा समोर आहे, राहणीत कोणताही फरक नाही, आणि “पूर्वीचे कोण” याचे उत्तर आल्यावर बोलणी थांबतात. तेव्हा थांबवणारी गोष्ट राहणी असू शकत नाही. उलट दूरच्या राज्यातला, भाषा न येणारा मुलगा चांगल्या नोकरीमुळे चालून जातो. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला पुढची जागा देणाऱ्यांना उद्देशून आहे, आणि तो तोंड बघून वागणे याला पाप हाच शब्द वापरतो.

निवृत्त_पाळक

मी अनेक वर्षे ग्रामीण मंडळ्यांत पाळक म्हणून सेवा केली आहे. उपदेशाने काय होते आणि काय होत नाही, याविषयी अनुभवाने थोडे लिहितो.

एका मंडळीत हंगामाच्या सणाला प्रीतिभोजन असे. मी तेथे गेलो तेव्हा स्वयंपाक बाहेरच्या आचाऱ्याकडून करून घेण्याची पद्धत होती. सोय म्हणून असेल असे प्रथम वाटले. पुढे लक्षात आले की, कोणाच्या घरच्या बायकांनी रांधायचे यावरून पूर्वी तंटा झाला होता आणि तो टाळण्यासाठी आचारी आला होता. सगळे एकत्र जेवत होते, पण कोणीही कोणाच्या हातचे जेवत नव्हते. मी पंच कमिटीपुढे सुचवले की पुढच्या वर्षी प्रत्येक घराने एक पातेले आणावे आणि सगळी पातेली एका लांब मेजावर, झाकणे काढून, नाव न लिहिता मांडावीत. पुष्कळ चर्चा झाली. शेवटी वयस्क बायकांनीच ते उचलून धरले.

पहिल्या वर्षी काय झाले ते मी जवळून पाहिले. घराघरातल्या बायका मेजाशी आपापल्या पातेल्याजवळ उभ्या राहिल्या आणि आपल्याच माणसांच्या ताटात वाढू लागल्या. पातेल्यावर नाव नव्हते, पण पळी धरणारा हात सर्वांच्या ओळखीचा होता. एका आजींनी, ज्यांच्या घरच्यांना मंडळीत फारसे कोणी विचारत नसे, हरभऱ्याच्या डाळीचे सार आणि बाजरीच्या भाकऱ्या आणल्या होत्या. त्यांचे पातेले निम्म्याहून अधिक भरलेले घरी गेले. मला रात्री झोप आली नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही एवढाच बदल केला की वाढायला मंडळीतली तरुण मुले उभी केली आणि कोणी आपल्या घरचे पातेले वाढायचे नाही असे ठरवले. त्या वर्षी आजींचे सार प्रथम संपले. दोन घरच्या बायका त्यांना कृती विचारायला गेल्या आणि त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायल्या. एवढ्याने जात गेली असे मी म्हणणार नाही. मात्र तो चहा माझ्या कोणत्याही उपदेशाने घडला नव्हता.

नलिनीताईंच्या दुसऱ्या मुद्द्याविषयी. बौद्ध किंवा हिंदू शेजाऱ्याच्या लग्नाला न जाणे यास पवित्र शास्त्रात काडीचा आधार नाही. पौल करिंथकरांस लिहितो की विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर पुढे वाढलेले काहीही विचारपूस न करता खा. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य म्हणून कोणी सांगून दिले तर न घेण्याची मुभा तेथे आहे, आणि ज्यांचा विवेक तसे सांगतो त्यांनी ते नम्रपणे नाकारावे. परंतु दिवाळीचा फराळ, लग्नाचे जेवण, बारशाच्या घुगऱ्या, ईदचा शीरखुर्मा नाकारणाऱ्याने पौलाचे नाव पुढे करू नये. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा त्या स्वतः ख्रिस्ती होत्या, तरी तेथील हिंदू विधवांना त्यांच्या चालीरीतींप्रमाणे वेगळा स्वयंपाक करण्याची मोकळीक त्यांनी ठेवली होती. समोरच्याच्या मनाची कदर करणे म्हणजे काय हे त्यांनी दाखवले. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात वाचवलेल्या सर्व जातींच्या मुली एका छताखाली वाढवल्या, अंध मुलींसाठी सोय केली, आणि त्यांची कन्या मनोरमा यांनी त्या मुलींना ब्रेल शिकवली.

नलिनी_दे

पाळकसाहेब, मनापासून आभार. त्या आजींविषयी आपण लिहिले म्हणून मला समाधान वाटले, कारण येथे प्रथमच पातेले आणणाऱ्या बाईचा चेहरा दिसला. एक विचारते. दुसऱ्या वर्षी त्या आजींनी पुन्हा पातेले आणले, हे कसे घडले? अर्धे परत आलेले अन्न घरी नेल्यावर मी तरी पुन्हा आणले नसते.

निवृत्त_पाळक

त्यांना मी हाच प्रश्न विचारला होता. त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, मी मंडळीसाठी रांधते. कोण खातं ते प्रभू बघेल.” मात्र यावरून सहन करत राहणे हे त्यांचेच कर्तव्य आहे असे कोणी म्हणू नये. त्या वर्षी मी आणि माझी पत्नी त्यांच्या घरी जेवायला गेलो, न बोलावता गेलो, आणि पुढे महिन्यातून एकदा जात राहिलो. पाळकाने कोठे जेवायचे हे मंडळी बारकाईने पाहत असते, हे अंत्युखियातल्या पेत्रापासून चालत आलेले आहे. पेत्राच्या उठण्याने जर बर्णबा ओढला गेला, तर कोणाच्या तरी बसण्यानेही माणसे ओढली जातील.

पानवेल_वसई

“न बोलावता गेलो” हे मी आमच्या धर्मग्रामाच्या महिला मंडळात सांगणार आहे.

मुळाकाठ (धागाकर्ता)

चर्चेतून माझ्यापुरते एक काम निघाले आहे. आमच्या मंडळीच्या विवाह नोंदणी अर्जात “मूळ गाव” आणि “मामाचे आडनाव” असे दोन रकाने आहेत. रक्ताच्या नात्यातला विवाह टाळण्यासाठी ते असल्याचे सांगितले जाते. परंतु ती खातरजमा पाळक दोन्ही घरांशी बोलून करू शकतात आणि प्रत्यक्षात त्या रकान्यांचा उपयोग पूर्वीची जात ओळखण्यासाठी होतो. ते दोन्ही रकाने काढावेत असा लेखी अर्ज मी येत्या पंच कमिटीच्या सभेत देणार आहे. नगर, श्रीरामपूर, जालना किंवा अन्य ठिकाणच्या मंडळ्यांत असा बदल झाला असेल, तर त्या अर्जाचा नमुना आणि सभेत आलेले आक्षेप कृपया येथे लिहावेत, म्हणजे उत्तरांची तयारी करून जाता येईल.